कळलावी आली का?

पोळा जवळ आला की अम्मीचा अकोल्याहून फोन येतो. आधी पाऊसपाणी, मग पोरांचा अभ्यास, मग माझ्या बायकोशी पाच मिनिटं वेगळं बोलणं. शेवटी फोन ठेवता ठेवता, जणू काही आत्ताच आठवलं अशा आवाजात विचारते, "गाँव गया था क्या? कळलावी आयी क्या?"

ही कळलावी म्हणजे कोणी बाई नाही, एक वेल आहे. मानोऱ्यापासून थोड्या अंतरावर माझ्या आजोळचं गाव आहे. तिथल्या कबरस्तानात माझ्या नानीच्या मातीवर ती दरवर्षी उगवायची. अम्मीनं ती तिथे कधीच पाहिलेली नाही. आमच्याकडे बाया कबरस्तानात जात नाहीत. त्यामुळे नानीच्या कबरीची सगळी खबर अम्मीला आमच्याच तोंडून कळायची, आणि ती खबर म्हणजे एवढा एकच प्रश्न.

नानी दाई होती. आता गावात दाई उरली नाही, पण त्या काळी पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. रात्री-बेरात्री दारावर थाप पडायची. "दाईमाय, चाल लवकर, पोरीले कळा सुटल्या!" कुणबी-मराठ्यांच्या वाड्यावर, बौद्धवाड्यात, पोहरादेवीकडच्या तांड्यांवर, सगळीकडे ती जायची. तांड्यावरच्या बाया तिला याडी म्हणायच्या. तिच्या पिशवीत ब्लेड, दोरा, खोबरेल तेलाची बाटली असायची आणि एका वेगळ्या फडक्यात गुंडाळलेलं एक मूळ असायचं. ते फडकं आम्ही पोरांनी उघडलं तर पाठीत धपाटा बसायचा. नानी एरवी हात उचलायची नाही.

ते मूळ कळलावीचं. खरं तर कंद. इंग्रजी व्ही अक्षरासारखा, किंवा शेतातल्या नांगरासारखा वाकलेला. म्हणूनच संस्कृतात हिचं एक नाव लांगली. दुसरं नाव अग्निशिखा, ते फुलामुळे. आपल्याकडे कुठे खड्यानाग म्हणतात, कुठे वाघनखी. कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत फुलते म्हणून 'गौरीचे हात' असंही म्हणतात. पण कळलावी हे नाव मला सगळ्यांत खरं वाटतं, कारण त्यात दाईचा हात आहे. कळ लावणारी, म्हणजे बाळंतपणाच्या कळा आणणारी. अडलेल्या बाईच्या तळपायाला आणि बेंबीखाली नानी या कंदाचा लेप लावायची आणि मूल बाहेर आल्याबरोबर, नाळ कापायच्याही आधी, कोणाला तरी ओरडून तो लेप धुवायला लावायची. ही रीत फक्त आमच्या नानीची नाही, देशभरच्या दायांची होती. लेपानं काही होत होतं का, हे मला विचारू नका. एवढं मात्र सांगतो की हे कोणी करून पाहू नये. आता दवाखाना आहे, १०८ ची गाडी आहे.

मराठीत कळ लावणं म्हणजे भांडण लावून देणंही. त्यामुळे या वेलीच्या वाट्याला दुसरी बदनामी आली. घरात लावली तर घरात भांडणं होतात म्हणून अंगणात कोणी लावत नाही. नानीनंही लावली नव्हती. धुऱ्यावरून, काट्याच्या कुंपणातून गरजेपुरती खणून आणायची. ती स्वतः मात्र तोंडाची तिखट होती. तिची आणि तिच्या जेठानीची भिंतीला भिंत लागून घरं आणि चाळीस वर्षं अबोला. म्हणजे अबोला एकमेकींशी, भिंतीशी दोघीही भरपूर बोलायच्या. जेठानी पाठीमागे नानीला 'कळलावी'च म्हणायची. नानीला ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, थोडंसं आवडतही होतं.

नानी गेली १९९८ च्या पावसाळ्यात. त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला होता, त्यामुळे मृत्यूच्या नोंदीवर कोणता जिल्हा लिहायचा यावर कागद अडला होता, म्हणून ते वर्ष आमच्या घरात पक्कं लक्षात आहे. पाऊस सुरू होता. कबर खोदताना खोदणाऱ्याच्या फावड्याला एक वेल आली, फुलावर आलेली. त्यानं ती उपटून बाजूला टाकली, तर खाली तो नांगरासारखा कंद. मामूंनी तो पाहिला आणि म्हणाले, "फेको मत. डाल दो वापस. उसीका तो है." माती लोटली गेली तेव्हा वरच्या थरात, पायथ्याच्या बाजूला, मामूंनी तो कंद दाबून दिला.

आमच्याकडे कबरीवर सब्जा लावायची पद्धत आहे. पैगंबर साहेबांनी (स.) दोन कबरींवर खजुराची ओली डहाळी चिरून रोवली होती, ती हिरवी असेपर्यंत आतल्यांचा त्रास हलका व्हावा म्हणून, ही हदीस बहुतेकांना माहीत असते. सब्जा त्याच भावनेतून येत असावा. पण सब्जा उन्हाळ्यात पाणी मागतो आणि कबरस्तानात रोज पाणी घालायला कोण जातं? मार्चमध्ये सब्जा वाळून कोळ होतो. नानीच्या कबरीवर मात्र दुसऱ्या वर्षी, मृगाचे दोन-तीन पाऊस झाल्यावर, जमिनीतून एक हिरवा कोंब वर आला.

या वेलीचा हिशेबच वेगळा आहे. दिवाळीच्या सुमारास ती वर पूर्ण मरते. खोड, पानं, सगळं वाळून उडून जातं. तिथे काही होतं याची खूणही राहत नाही. मग थंडी, मग उन्हाळा. आमच्याकडचा मे तुम्हाला ठाऊक आहे, पारा ४४-४५ वर जातो, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, विहिरी तळाला जातात. त्या सगळ्या सात-आठ महिन्यांत हा कंद खाली गप्प पडून असतो. त्याला कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. जूनमध्ये ओल त्याच्यापर्यंत पोचली की कोंब निघतो आणि मग त्याची घाई पाहावी. पंधरा-वीस दिवसांत वेल कमरेइतकी. चढायला तिला वेगळे हात नाहीत, पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि गवताच्या काडीला, बोरीच्या काट्याला, जे सापडेल त्याला विळखा घालतं. मी लहानपणी त्या टोकाला काडी लावून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहायचो. विळखा पडलेला असायचा.

फूल श्रावण-भाद्रपदात. कळी हिरवट, मान खाली घातलेली. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या फिरून वर उभ्या राहतात, कडा लाटांसारख्या मुरडलेल्या, चुलीतल्या जाळासारख्या. पहिल्या दिवशी हिरवट-पिवळं, मग खाली पिवळं आणि टोकाला लाल, आणि जायच्या आधी पूर्ण तांबडंलाल. त्यामुळे एकाच वेलीवर तीन-चार रंगांची फुलं एका वेळी दिसतात आणि नवखा माणूस विचारतो, ही कलम केलेली आहे का? पाकळ्या वर गेल्यामुळे सहा पुंकेसर खाली चाकाच्या आऱ्यांसारखे मोकळे पसरतात. आणि मधली स्त्रीकेसराची दांडी सरळ न येता बुडाशीच काटकोनात वळून बाजूला निघून जाते. आपलेच परागकण आपल्याला लागू नयेत, फुलपाखरानं दुसऱ्या वेलीचे आणावेत, ही ती सोय. लिनियसनं १७५३ मध्ये हिला ग्लोरिओसा सुपर्बा असं नाव दिलं. दोन्ही शब्दांचा अर्थ साधारण एकच, भव्य आणि दिमाखदार. एकदा सांगून त्याचं समाधान झालं नसावं.

हे फूल फक्त आपलं नाही. आफ्रिकेपासून भारत, श्रीलंका आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत ते रानात उगवतं. तमिळनाडूचं ते राज्यफूल आहे, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. झिंबाब्वे जेव्हा गोऱ्यांच्या ताब्यातलं दक्षिण ऱ्होडेशिया होतं, तेव्हा १९४७ मध्ये तिथल्या शाळकरी मुलांच्या वतीनं राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवसाला या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच दिला गेला. पुढे गोऱ्यांचं राज्य गेलं, देशाचं नाव बदललं, फूल तेच राहिलं. ज्यांना हाकललं तेही त्याला आपलं म्हणायचे, ज्यांनी हाकललं तेही.

आता विषाची गोष्ट. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद आणि बी सर्वांत जास्त. आयुर्वेदात ती उपविषांत मोजतात. पोटात गेली तर काही तासांत तोंड-घसा जळतो, उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि त्यातून सावरल्यासारखं वाटतं तेव्हा खरं संकट पुढे असतं. काही दिवसांनी रक्तपेशी तयार होणंच मंदावतं. वाचलेल्या माणसाचे दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात. या विषाचं नाव कोल्चिसिन. पेशी दुभंगताना आतले गुणसूत्रांचे जोड ज्या बारीक धाग्यांनी ओढून वेगळे केले जातात, ते धागेच हे विष तयार होऊ देत नाही. म्हणून शरीरात जिथे पेशी सतत दुभंगतात, आतडी, रक्त, केस, तिथे ते आधी मारतं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी याचाही उपयोग केला. १९३७ च्या सुमारास अमेरिकेत कळलं की कोल्चिसिन लावलं की रोपातल्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. पुढे जपानमध्ये हितोशी किहारा यांनी त्याच युक्तीनं बिनबियांचं कलिंगड तयार केलं. रमजानात इफ्तारीला बिनबियांचं टरबूज कापताना हे मी एकदा घरी सांगितलं, तर पोरीनं हातातली फोड खाली ठेवली. मग तिला समजवावं लागलं की फळात ते विष नसतं.

आणि हेच विष अम्मी गोळीतून घेते.

तीन वर्षांपूर्वी तिचा उजव्या पायाचा अंगठा एका रात्रीत सुजला, लाल झाला, चादर लागली तरी ओरडायची. युरिक ॲसिड वाढलेलं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर अर्ध्या मिलिग्रामची कोल्चिसिनची बारीक गोळी होती. मी नाव वाचलं आणि औषधाच्या दुकानाबाहेर थोडा वेळ उभाच राहिलो. आधुनिक औषधशास्त्रानं हे द्रव्य १८२० मध्ये फ्रान्समध्ये वेगळं काढलं, ते कळलावीतून नव्हे, तिच्याच कुळातल्या कोल्चिकम नावाच्या फुलातून. पण हकिमांना ते कुळ हजार वर्षांपासून माहीत आहे. इब्न सिनाच्या 'कानून'मध्ये सांधेदुखीवर सुरंजान आहे, तो याच कोल्चिकमचा कंद. युनानी दुकानांत आजही हब्ब-ए-सुरंजान मिळते. आमचे अब्बा गुडघ्यासाठी घ्यायचे. सुरंजान काश्मीरकडून येतो. कळलावी आमच्या धुऱ्यावर. तमिळनाडूत दिंडीगुल-करूरच्या बाजूला तर शेतकरी हिची शेती करतात, वेल आधारावर चढवतात, एकेका फुलाला हातानं पराग लावतात, आणि बी औषध कंपन्यांना जातं. आमच्याकडे तिला कोणी विचारत नाही. सोयाबीन आल्यापासून धुरेसुद्धा तणनाशकानं फवारले जातात. लहानपणी शाळेच्या वाटेवर पाच-सहा ठिकाणी दिसायची, आता पूर्ण वाटेवर एक नाही.

अम्मीला मी सांगितलं, ही गोळी म्हणजे नानीच्या फडक्यातली चीज आहे. ती हातातल्या गोळीकडे बघत राहिली. म्हणाली, "अम्मा होती तो इतनीसी नहीं देती." आणि पाण्याबरोबर गिळली.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो, इतका वेळ टाळत होतो. २०२२ च्या मे महिन्यात गावच्या कबरस्तानाची सफाई झाली. वेडी बाभूळ, रायमुनिया, गाजरगवत इतकं माजलं होतं की मय्यत नेताना खांदेकऱ्यांचे कपडे फाटायचे, दोनदा साप निघाला होता. वर्गणी जमली. सर्वांत जास्त आग्रह माझा होता. शिकलेला माणूस, मास्तर, मीच म्हणालो की मजूर लावून महिना जाईल, जेसीबी आणू, एका दिवसात काम होतं. जेसीबीचे निम्मे पैसे मी दिले आणि त्या दिवशी छत्री घेऊन मीच उभा राहिलो. नव्या कबरींना हात लागू नये म्हणून चुन्याची रेघ मारली होती. जुना भाग, जिथे मातीचे उंचवटे कधीच बसून गेले, तिथे नुसतं झुडूप दिसत होतं. चालकानं विचारलं, "सर, यहाँ तक लूँ?" मी म्हणालो, "ले लो."

मे महिना होता. वर काहीच नव्हतं. कळलावीचं वाळलेलं खोडसुद्धा. आणि मी, जो चोवीस वर्षं दर पावसाळ्यात तिथे उभा राहून फातिहा वाचत आलो, त्या मला भर उन्हात ती जागा ओळखू आली नाही. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुताना एकदम लक्षात आलं. या कंदाला कोंब फक्त टोकाला असतो. टोक मोडलं की बाकी तुकडा सडून जातो. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, नंतर वाचलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की बकेट दीड-दोन फूट खाली गेली होती.

त्या पोळ्याला अम्मीचा फोन आला. मी म्हणालो, पाऊस उशिरा झाला, अजून आली नाही. २०२३ ला म्हणालो, गवत फार आहे, दिसली नाही. दोन्ही वेळा ती "अच्छा" म्हणाली आणि विषय बदलला. आई काय समजली असेल, या विचारानं मला झोप लागायची नाही. शेवटी मामूंकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. मामू आता ऐंशीच्या पुढचे. खाटेवर बसून तंबाखू मळत होते. मी त्यांना म्हटलं, नानीची कबर कुठे हे आता मला सांगता येणार नाही, ती वेल एवढीच खूण होती.

मामू हसायला लागले. आधी मला राग आला. मग ते म्हणाले, "वो निशानी कब थी रे? वो तो चलती है."

आणि हे खरं आहे. मी नंतर पुस्तकात पाहिलं, मामूंना ते खणून खणून माहीत होतं. कळलावीचा कंद दरवर्षी नवा होतो. जुना कंद वेल वाढवण्यात संपून जातो, आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. नव्याच्या फाट्यांच्या टोकाला पुढच्या वर्षीचा कोंब. म्हणजे वेल दरवर्षी चार-सहा बोटं, कधी वीतभर, सरकते. एका बाजूनंच सरकेल असंही नाही. पण चोवीस वर्षांत ती नानीच्या पायथ्याशीच राहिली असेल, असं मानायला काही आधार नाही. "पहिली दोन-तीन वर्षं अम्माकडेच होती," मामू म्हणाले. "मग पूर्वेकडे निघाली. मी बघत होतो. पूर्वेला कोण आहे माहीत आहे ना?"

पूर्वेला नानीची जेठानी होती.

"बारा-पंधरा साल से तू बडी अम्मा को फातिहा पढ रहा है," मामू म्हणाले आणि तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "मैं बोला नहीं. बोला, चलो, उनका भी कोई नहीं है." जेठानीला मूलबाळ नव्हतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट आठवलं. मग मामूंनी उठून काठी घेतली, माझ्या गाडीवर मागे बसले, आणि आम्ही कबरस्तानात गेलो. त्यांनी कडुनिंबापासून पावलं मोजली, एका जागी काठी टेकवली. तिथे सपाट मातीवर गाजरगवताची रोपटी होती. ती उपटून मी तिथे चार दगड लावले. मग मामू मोजत पूर्वेला गेले आणि तिथेही चार दगड लावायला सांगितले.

२०२४ चा पाऊस चांगला झाला. ऑगस्टच्या शेवटी मामूंचाच निरोप आला, ये. जेसीबीनं ओढलेला सगळा झाडोरा आणि माती रस्त्याच्या बाजूला, कंपाउंडच्या तारेला लागून ढीग करून टाकली होती. तो ढीग आता बसला होता, त्यावर गवत. आणि तारेला पानांच्या टोकांचे विळखे घालत एक वेल वर गेलेली, तीन फुलं, एक कळी. नानीच्या जागेपासून चांगली तीस-पस्तीस पावलं. एखाद्या तुकड्याचं टोक शाबूत राहिलं असेल, किंवा बी असेल. बियाची वेल फुलावर यायला तीन-चार वर्षं घेते म्हणतात, म्हणून मला कंदच वाटतो.

त्या रात्री मी अम्मीला फोन करून सगळं सांगितलं. जेसीबी, दोन वर्षांचं खोटं, जेठानीच्या फातिहा, चार-चार दगड. जेठानीचं ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. जेसीबीबद्दल काहीच बोलली नाही. मग विचारलं, "तार को लगके है बोला ना? रोड से दिखती?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी धाकटा भाऊ तिला गाडीतून घेऊन आला. आम्ही गाडी गेटपाशी न नेता रस्त्याच्या कडेला, त्या ढिगासमोर उभी केली. अम्मी दार धरून हळू उतरली, अंगठ्यावर जोर न देता. ओढणी डोक्यावर नीट केली आणि तारेपासून दोन हात अंतरावर उभी राहिली. एक फूल पिवळं होतं, दोन पूर्ण लाल. माझी पोरगी फुलाला हात लावायला पुढे झाली तशी अम्मीनं तिचं मनगट पकडून मागे ओढलं. मग ती आत, कडुनिंबाच्या दिशेनं, बराच वेळ बघत राहिली. ओठ हलत होते.

"दुबली हो गयी," ती शेवटी म्हणाली. मी म्हणालो, पहिलंच वर्ष आहे, पुढच्या वर्षी भरेल. तिनं आत बोट करून विचारलं, "और वो दूसरे चार पत्थर, उधर?" मी जागा दाखवली. तिथपर्यंत तिची नजर पोचत नव्हती, पण तिनं मान हलवली आणि पुन्हा ओठ हलवायला सुरुवात केली.